नव्वदचं पॉप: कॅसेटवर की मोबाइलवर?

माझा भाचा लातूरला नीटची तयारी करतो. रात्री अभ्यास आटोपला की खोलीतली पोरं लकी अलीचं ‘ओ सनम’ लावतात. गाणं १९९६ चं. तेव्हा यांच्यातला एकही जन्मला नव्हता.

आम्ही ते परभणीत कॅसेटवर ऐकलं. दुकानातून भरून आणलेली ६० मिनिटांची कॅसेट, म्हणजे एका बाजूला अर्धा तास. पुढचं गाणं हवं तर बटण दाबून अंदाजानं थांबायचं, म्हणून सगळीच गाणी ऐकली जायची. टेप गुंतली की चाकात पेन्सिल घालून हळूहळू गुंडाळायची. लाईन गेली की सेल टाकायचे, आणि सेल उतरले की गाणाऱ्याचा आवाज जड व्हायचा.

मोबाइलवर खरखर नाही, पण दहा सेकंदांत पुढचं गाणं.

तरी एक मान्य करते, या पोरांपर्यंत ही गाणी मोबाइलनंच पोचवली. आमच्या कॅसेटी केव्हाच बुरशीनं गेल्या. मला विचाराल तर ऐकायला कॅसेटच. दिवाळीत भाचा आला की त्याला अख्खा अल्बम, मधे एकही गाणं न गाळता ऐकवणार आहे.