कृतीदेवच्या जुन्या फायली युनिकोडमध्ये: लिबरऑफिस रायटर आणि अ‍ॅप्सो कितपत कामाचे?

साताऱ्यात पोवई नाका ते राजवाडा या पट्ट्यातल्या जुन्या टायपिंगच्या दुकानांत कृतीदेव, श्रीलिपी, शिवाजी अशा फॉन्टांतल्या वर्ड फायली वर्षानुवर्षं साठलेल्या असतात: करारनामे, सोसायट्यांचे अहवाल, स्मरणिका. आता गिऱ्हाईक तीच फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरीच्या सर्वमान्य कोडमध्ये, मागतं. दोन पानं असतील तर ऑनलाइन कन्व्हर्टर पुरे. पण दीडशे पानांचा, टेबलं आणि ठळक मथळे असलेला अहवाल त्यात चिकटवला की मजकूर परत मिळतो, मांडणी मात्र मिळत नाही. जागच्या जागी रूपांतर हवं असेल तर लिबरऑफिसच्या रायटरला (वर्डसारखा फुकट प्रोग्रॅम) पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेची जोड देणं हा फुकटातला सर्वांत चांगला उपाय. पण मेहनत आहे, ती कुठे लागते ते पाहू.

रायटर तसा म्हाताराच. १९८५ च्या स्टारराइटरचा वंशज, ओपनऑफिसमार्गे २०१० पासून लिबरऑफिस. पायथॉन त्यात विंडोजवर आपसूक येतं, वेगळं बसवायला नको. उबुंटू लिनक्सवर मात्र लिबरऑफिस-स्क्रिप्ट-प्रोव्हायडर-पायथॉन हे पॅकेज वेगळं टाकावं लागतं. दुकानात अजून विंडोज ७ असेल तर लिबरऑफिसच्या २५.२ या आवृत्तीवर थांबा, २५.८ त्यावर चालत नाही.

त्या आवृत्तीत रायटरच्या मेनूतून पायथॉन स्क्रिप्ट चालवता येते, पण लिहिता येत नाही. ती उणीव अ‍ॅप्सो हे एक्सटेन्शन, म्हणजे वरून बसवायची जोड, भरून काढतं. लिबरऑफिसच्या एक्सटेन्शन साइटवरून ओएक्सटी फाइल उतरवायची, टूल्समधल्या एक्सटेन्शन मॅनेजरमधून ॲड करायची, रायटर बंद करून पुन्हा उघडायचं. मग आल्ट-शिफ्ट-एफ ११ दाबलं की खिडकी येते. माय मॅक्रोजवर नवं मॉड्यूल तयार करा. त्याआधी अ‍ॅप्सोच्या ऑप्शन्समध्ये एडिटरचा पत्ता भरून ठेवा. तो रिकामा असेल तर विंडोज जे समजेल त्यात फाइल उघडतं, आणि मशीनवर दुसरं पायथॉन असेल तर फाइल उघडण्याऐवजी चालूच होते. नोटपॅड प्लस प्लस पुरेसं आहे, एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा.

वर्डच्या व्हीबीए या मॅक्रो-भाषेपेक्षा हे सरस ठरतं ते इथेच. व्हीबीएचा एडिटर युनिकोड जाणत नाही. ‘क’ लिहायचा तर २३२५ हा आकडा द्यावा लागतो, आणि असा दोन-तीनशे ओळींचा तक्ता तपासणं म्हणजे डोळ्यांची वाट. पायथॉनमध्ये डावीकडे कृतीदेवची कळ, उजवीकडे सरळ देवनागरी अक्षर. वाचता येतं, चूक दिसते.

आता मूळ दुखणं. ही अदलाबदल फाइंड-रिप्लेसने होत नाही, कारण जुना फॉन्ट अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवतो आणि युनिकोड उच्चाराच्या क्रमाने. ‘स्थिती’ कृतीदेवमध्ये एफ, कॅपिटल एल, कॅपिटल एफ, के, आर, एच अशी असते. पहिला एफ म्हणजे पहिली वेलांटी. तिला अख्ख्या ‘स्थ’ वरून उडी मारून पलीकडे जायचं आहे. ‘कार्यालय’ उलट: डी, के, अर्धविराम, के, कॅपिटल झेड, वाय, अर्धविराम. झेड म्हणजे रफार. त्याला काना ओलांडून ‘य’च्या मागे यावं लागतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी तक्त्याने सगळी अक्षरं बदला, मग रेग्युलर एक्स्प्रेशनने (अक्षरांचा नमुना देऊन शोधण्या-बदलण्याची सोय) वेलांटी पुढे न्या, मग रफार मागे आणा. तक्ता लांब जोडीपासून लावा. ‘ध’ म्हणजे तिरपी रेघ आणि के. एकटा के आधी बदललात तर त्याचा काना होतो आणि रेघ तशीच लटकते.

फाइलमधले तुकडे घेताना प्रत्येकाचं फॉन्टनाव तपासा, कृतीदेव असेल तरच हात लावा, म्हणजे टाइम्स न्यू रोमनमधलं इंग्रजी शाबूत राहतं. फॉन्ट मशीनवर नसला तरी फाइलीत नाव असतंच, त्यामुळे स्क्रिप्टला फॉन्ट बसवलेला लागत नाही. काही फायलींत एकही अक्षर जुळत नाही. तिथे फॉन्ट सिम्बॉल प्रकारचा असतो, अक्षराच्या कोडमधून ६१४४० वजा केलं की तक्ता लागू पडतो.

सर्वांत फसवी जागा पुढची. रायटर लॅटिन आणि देवनागरी मजकुराचे गुणधर्म वेगवेगळे ठेवतो. कृतीदेवचा मजकूर त्याच्या लेखी लॅटिन, रूपांतरानंतरचा कॉम्प्लेक्स, म्हणजे देवनागरीच्या गटातला. म्हणून फॉन्ट, आकार, ठळक, तिरपं या चारही गोष्टी कॉम्प्लेक्स गुणधर्मांत स्वतः भरल्या नाहीत तर ठळक मथळा साधा होतो आणि आकार मूळच्या स्टाइलवर घसरतो. आकार जसाच्या तसा देऊ नका. कृतीदेव अंगाने बारीक, मंगल हा युनिकोड फॉन्ट भरदार. सोळाच्या जागी बारा, म्हणजे पाऊणपट, इथून सुरुवात करा. आणि लॅटिन बाजूचं कृतीदेव नावही पुसा. ते राहिलं आणि स्क्रिप्ट चुकून दुसऱ्यांदा चालली, तर जागेवर बसलेली वेलांटी पुन्हा उडी मारते: ‘किमान’चं ‘कमिान’.

परिच्छेदांची यादी घेताना टेबल त्यात एक अखंड ठोकळा म्हणून येतं. त्याचे कप्पे वेगळे फिरवा. हेडर-फूटर पेज स्टाइलमध्ये असतात, तळटीपा त्यांच्या स्वतंत्र यादीत. हे सुटलं की अहवालाचं पोट युनिकोडमध्ये आणि डोकं कृतीदेवमध्ये. शब्दाच्या मधोमध ठळकपणा संपत असेल तर तो शब्द दोन तुकड्यांत येतो, वेलांटी एकात आणि अक्षर दुसऱ्यात. अशा जागा स्क्रिप्टने पिवळ्या करून हाताने सुधारणं सोपं, त्यासाठी हुशारी करण्यात वेळ जातो.

वेगासाठी पडदा गोठवण्याची सोय आहे, लॉक कंट्रोलर्स. पण मधेच चूक आली तर फाइल गोठलेलीच राहते आणि रायटर लटकला असं वाटतं. अनलॉक नेहमी पायथॉनच्या फायनली भागात लिहा, तो चूक आली तरी चालतोच. अनडूच्या पायऱ्या मुळात शंभरच असतात, बदल हजारो. अनडू मॅनेजरमध्ये सगळं एका गटात बांधलं तर एका कंट्रोल-झेडने पूर्ववत होतं. तरीही काम मूळ वर्ड फाइलवर नको, ओडीटी (रायटरच्या स्वतःच्या प्रकारातल्या) प्रतीवर करा.

अ‍ॅप्सोला पाचपैकी साडेतीन. खिडकी साधी आहे, चूक झाल्याचा निरोप ओळीच्या आकड्यासकट दाखवते, स्क्रिप्ट फाइलीच्या पोटातही ठेवता येते. दीड गुण गेला तो सगळी माहिती इंग्रजीतच असल्याने आणि नवशिक्याला रायटरच्या आतल्या वस्तूंची नावं ती कुठेच समजावत नसल्याने. रोज कोर्टाचे नमुने टाइप करणाऱ्यांनी त्यासाठी वर्ड सोडायचं कारण नाही.

चाचणीसाठी एक शब्द हाताशी ठेवा: कऱ्हाड. तक्त्यात अर्ध्या ‘ऱ’ ची जागा चुकली तर ‘कर्हाड’ उमटतं. ही जागा फॉन्टागणिक बदलते, कॅरेक्टर मॅपमध्ये पाहून घ्या. शिवाय हा ‘ऱ्’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, नुक्त्याच्या ‘ऱ’ने किंवा साध्या ‘र’ला अदृश्य जोडचिन्ह लावून. दिसायला दोन्ही एक, शोधायला गेलात की एकच सापडतो. सगळ्या फायलींत पहिलाच ठेवा.