घरगुती स्पिंडलसाठी (कटर फिरवणाऱ्या भागासाठी) १.५ किलोवॅटची एअर-कूल्ड मोटर: घेण्यासारखी आहे का?

सावंतवाडी-कुडाळ पट्ट्यात आंबा-फणसाच्या लाकडावर कोरीव कामासाठी घरी सीएनसी (संगणकाच्या हुकमावर कोरणारं यंत्र) जोडत असाल, तर ७७५ची (लहान, स्वस्त) डीसी मोटर घेऊ नका. तिची बेअरिंग आडव्या दाबासाठी नसतात. ६ मिमीचा कटर फणसात घातला की शाफ्ट थरथरतो, कड फाटते. ट्रिमर राउटर (सुताराचं हातात धरायचं कड कापायचं यंत्र) बरा, पण कार्बन ब्रश झिजतात आणि आवाज असह्य.

२२० व्होल्ट, ४०० हर्ट्झ, २४,००० आरपीएमची (मिनिटाला फेरे) ही १.५ किलोवॅटची मोटर दोघांपेक्षा सरळ उजवी. ईआर११ कॉलेटमध्ये (कटर पकडणारी चिमटी) ६ मिमीची शँक, म्हणजे कटरची दांडी, घट्ट बसते.

खरी गोम व्हीएफडीत, म्हणजे मोटरला वीज पुरवून तिचा वेग ठरवणाऱ्या ड्राइव्हमध्ये आहे. त्याची बेस फ्रिक्वेन्सी (ज्या हर्ट्झला पूर्ण व्होल्टेज मिळतं ती) बहुधा ५० हर्ट्झवर असते. ती तशीच ठेवली, तर ५० हर्ट्झलाच पूर्ण व्होल्टेज जातं आणि वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) करपतं. म्हणून मोटर फिरवण्याआधी बेस आणि कमाल फ्रिक्वेन्सी दोन्ही ४०० हर्ट्झ करा. किमान १३५ हर्ट्झ ठेवा. पंखा शाफ्टवरच असल्याने ८,००० आरपीएमखाली हवा पुरत नाही.

किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत कॉलेट लवकर गंजतं. काम संपलं की काढा, पुसा, तेलाचा हलका हात फिरवा. टेपरमध्ये (कॉलेट बसतं त्या निमुळत्या खाचेत) गंजाचा ठिपका राहिला तरी रनआउट, म्हणजे कटरचं डगमगणं, वाढतो.

संध्याकाळी व्होल्टेज पडलं की ड्राइव्ह ट्रिप होतो, पण गँट्री (स्पिंडल धरणारी सरकती चौकट) पुढे सरकतच राहते आणि कटर तुटतो. व्हीएफडीचा फॉल्ट रिले (बिघाड झाल्याचा इशारा देणारा स्विच) कंट्रोलरच्या फीड-होल्डला (यंत्राची चाल थांबवणाऱ्या इनपुटला) जोडाच.