सॉफ्टबॉल-बेसबॉल वीकेंड बॅच, कोथरूड साइड: एक स्टार ग्लोव्हनी खाल्ला, बाकी चार दिले

मुलगी सातवीत, मुलगा पाचवीत, दोघंही या बॅचला जातात. नाव देत नाहीये, खाली तक्रारीपण आहेत आणि सर माणूस चांगला आहे. एका शाळेचं ग्राउंड, शनिवार-रविवार सकाळी, पार्किंगची बोंब.

आधी चांगलं. इथली सगळी पोरं सोसायटीत क्रिकेट खेळून आलेली असतात आणि ते सगळं अंगात मुरलेलं असतं, बॉलिंग करणारा पोरगा पिचिंगलाही (म्हणजे बॅटिंग करणाऱ्याकडे बॉल फेकताना) कोपर ताठच ठेवतो कारण वाकवलं की थ्रो म्हणून ओरडतात ना, आणि कॅच आला की दोन्ही हात पुढे करून छातीशी ओढणार. सरांनी कितीतरी वीकेंड बॅट दिलीच नाही. बोटं शिवणीवर आडवी कशी धरायची, ग्लोव्हचा खांदा समोरच्याकडे, पाऊल पडलं की मग हात, ग्लोव्हमधून बॉल काढायचा तो पटकन, एवढंच. छोट्यांना आधी टेनिस बॉल, म्हणजे बॉलची भीती जाते. पालक बाकावर कुजबुजत होते मॅच कधी मॅच कधी, सरांनी लक्ष दिलं नाही ते बरंच केलं. बॅटिंगसुद्धा टी वर, म्हणजे उभ्या स्टँडवर, बॉल ठेवून, आधी कंबर मग हात, नाहीतर आपली पोरं कव्हर ड्राइव्हच मारतात 😄

सरांकडे एक वही आहे, त्यात मुलग्यांचे पिच, म्हणजे कोणी किती बॉल टाकले ते, मोजले जातात. अमेरिकेत लिटल लीग म्हणजे पोरांच्या बेसबॉलमध्ये 9-10 वर्षांच्या पोराला दिवसाला 75 पिचची मर्यादा आहे, 11-12 ला 85, आणि 66 किंवा जास्त झाले की चार दिवस सुट्टी. सर तर त्याच्याही बरेच खाली थांबवतात. कारण त्या वयात कोपराचं हाड वाढत असतं, तिथला कुर्चेचा भाग नाजूक असतो, ताण पडत राहिला की दुखणं मागे लागतं. आमच्या चिरंजीवांना कर्व्हबॉल (वळणारा बॉल) शिकायचाय, मोबाइलवर बघून आलाय, सर म्हणाले आधी चेंजअप (जोरात टाकल्यासारखा दाखवून हळू टाकलेला बॉल) नीट टाक. माझ्या मते तेवढ्यासाठीच फी वसूल.

आता तक्रार. ही वही फक्त मुलग्यांची! मुलगी विंडमिल, म्हणजे सॉफ्टबॉलमधला हात गोल फिरवून खालून सोडायचा पिच, टाकते, तिचे पिच कोणी मोजत नाही, का तर खालून टाकल्यावर खांद्याला काही होत नाही म्हणे. अहो पूर्ण हात गोल फिरवून जोरात सोडायचा म्हणजे खांद्यावर ताण येतोच की, आणि टुर्नामेंटला एकच चांगली पिचर असली की तिलाच मॅचमागून मॅच उभी करतात. सरांना बोलले, बघतो म्हणाले. तोवर मी बाकावर बसून कागदावर रेघा मारते, सगळे हसतात, हसू देत.

दुसरं, ती डावखुरी आहे. म्हणजे ग्लोव्ह उजव्या हातात हवा, आणि बॅचच्या पोत्यात तसा एकही नाही. पहिल्यांदा तिने उलटाच घालून खेळलं, अंगठ्याच्या जागी करंगळी. शेवटी आम्हीच विकत घेतला. डावखुरं मूल असेल तर आधीच फोन करून विचारा. कॅचरचं किटही एकच, मास्क, चेस्ट गार्ड सगळं घामट, तेच पुढच्या पोराला.

आणखी एक, दहावीला ग्रेस मार्क मिळतात म्हणून नववीतली काही पोरं सर्टिफिकेटसाठी येतात, बॅटिंगची लाइन वाढते, छोट्यांना पाच मिनिटंपण बॅट मिळत नाही. यात सरांचा दोष कमी, पालकांचा जास्त. तसं 2028 ला लॉस एंजेलिसला दोन्ही खेळ परत ऑलिंपिकमध्ये आहेत म्हटल्यावर गर्दी वाढणारच, दोन बॅच करा म्हणावं.

पावसाळ्यात ग्राउंडचा चिखल होतो आणि बॅच बंद, त्या महिन्यांची फी पुढे धरतात, परत देत नाहीत. जूनमध्ये जॉइन होऊ नका, दिवाळीनंतर जा.