शेडकार्ड, फोनवरचे चित्र आणि नमुन्याची डबी

अभ्यासिकेसाठी मी शेडकार्डावरून एक फिका राखाडी रंग निवडला होता. दोन हात देऊन झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत गेलो, तेव्हा चारही भिंती निळ्या दिसत होत्या. डब्यावरचा क्रमांक तोच होता आणि रंगाऱ्याचे कामही स्वच्छ होते. त्या खोलीत उजेड कोणत्या दिशेने येतो याचा विचार मात्र निवड करताना कोणीच केला नव्हता, मीही नाही. त्यामुळे बैठकीच्या खोलीची वेळ आली तेव्हा मी रंग आधी थोडा लावून पाहण्यासाठी मिळणाऱ्या नमुन्याच्या छोट्या डब्या आणल्या. सुमारे दोन आठवडे त्या वापरून पाहिल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे.

आधी शेडकार्डाविषयी. ते निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही, कारण शेकडो छटांमधून पाच-सहा बाजूला काढण्यासाठी दुसरे सोयीचे साधन नाही. पण त्यावरचा चौकोन बोटाच्या पेराएवढा असतो, त्याच्याभोवती पांढरा कागद आणि शेजारी दुसऱ्या छटा असतात. शेजारच्या रंगामुळे रंग वेगळा दिसतो हे गोब्लँ येथील गालिचे विणणाऱ्या कारखान्यात रंगाई पाहणारे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी 1839 मध्येच सविस्तर मांडले होते. तो नियम कार्डाच्या प्रत्येक पानावर आपले काम करत असतो. कार्डावर शांत, फिका वाटणारा पिवळा चार भिंतींवर आला की गडद होतो, कारण एका भिंतीवरून परतलेला पिवळसर प्रकाश दुसऱ्या भिंतीवर पडतो आणि रंग स्वतःलाच गडद करत जातो. कार्डाच्या मागे काही वेळा प्रकाश परावर्तनाचा आकडा छापलेला असतो, तो मात्र जरूर पाहावा. 0 म्हणजे सगळा प्रकाश शोषणारा काळा आणि 100 म्हणजे सगळा प्रकाश परत करणारा पांढरा, अशी ती मोजपट्टी आहे. अंधाऱ्या खोलीला पांढरा रंग दिला की ती उजळते ही समजूत या आकड्यामुळे अधिकच पक्की होते, परंतु भिंत जेवढा प्रकाश येतो त्यातलाच परत करते. खिडकीतून उजेडच थोडा येत असेल तर पांढरी भिंत मळकट राखाडी दिसते आणि अशा खोलीत थोडा उबदार, मध्यम रंग अधिक प्रसन्न वाटतो.

फोनवर आपल्याच खोलीचे छायाचित्र घेऊन त्यावर रंग चढवून दाखवणारी सोयही मी वापरली. रंग निवडण्यासाठी तिच्यावर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत झाले. कॅमेरा उजेडातला निळेपणा किंवा पिवळेपणा स्वतःहून दुरुस्त करतो, म्हणजे जी गोष्ट पाहायची तीच तो पुसून टाकतो. एखादी भिंत गडद आणि बाकीच्या फिक्या ठेवल्या तर खोली कशी दिसेल, एवढा अंदाज त्यावरून येतो.

घरी येऊन रंग सुचवण्याची सेवाही मी घेतली होती. आलेली व्यक्ती सौजन्याने वागली, पण ती संध्याकाळी आली, दिवे लावून तिने भिंती पाहिल्या आणि खिडकी कोणत्या दिशेला आहे हे विचारलेच नाही. एका खोलीसाठी दिवसभरात निदान दोन भेटी दिल्याशिवाय या सेवेला अर्थ नाही.

आता डब्या. मला मिळालेली डबी 200 मिलीलिटरची होती आणि तिच्यात अर्धा मीटर लांब-रुंद असे चार पुठ्ठे दोन हात देऊन रंगवता आले. रंग थेट भिंतीवर लावण्याचा मोह मी टाळला, कारण जुन्या रंगाच्या मधोमध नवा ठिपका तपासणे म्हणजे शेडकार्डाचीच चूक मोठ्या आकारात करणे होय. पुठ्ठ्यांना आधी पांढरे प्रायमर दिले, रंग पूर्ण वाळू दिला आणि मगच ते भिंतीला टेकवून उभे केले. जमिनीवर आडव्या ठेवलेल्या पुठ्ठ्यावर पडणारा उजेड भिंतीवरच्या उजेडासारखा नसतो. एकाच छटेचे दोन पुठ्ठे कोपऱ्यात काटकोनात लावल्यावर भिंती एकमेकींवर रंग कसा टाकतात तेही दिसले. केवळ यासाठीसुद्धा मी डबीचे पैसे पुन्हा देईन.

बैठकीच्या खोलीची खिडकी पश्चिमेला आहे. सकाळी तिथे ऊन नसते, फक्त आकाशाचा उजेड असतो. दुपारनंतर ऊन आत येते आणि मावळतीला ते तांबूस होते. प्रकाशाचा हा गुण केल्विनमध्ये मोजतात आणि आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर असतो. क्षितिजाजवळच्या सूर्याचा प्रकाश साधारण 2000 ते 3000, माथ्यावरच्या उन्हाचा 5500 च्या आसपास, आणि निरभ्र आकाशाकडून सावलीत येणारा उजेड 7000 च्या पुढे, कधी 10000 च्याही वर जातो. सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला माझे पुठ्ठे दोन निरनिराळ्या दुकानांतून आणल्यासारखे दिसत होते, ते यामुळेच. मनात ठरवून ठेवलेला मलईचा रंग सकाळी सुरेख होता, परंतु पाच वाजता तो नारिंगी झाला. राखाडी झाक असलेला हिरवा सकाळी थंड आणि संध्याकाळी मऊ वाटला, पण कोणत्याही वेळी खटकला नाही. तिसरी छटा फिकी गुलाबी होती. खिडकीबाहेरच्या दाट झाडावरून हिरवट होऊन येणाऱ्या उजेडाने ती दुपारी निस्तेज केली, आणि दिवेलागणीला ती आणखी काळवंडली. मंद उजेडात डोळ्याला तांबडे रंग लवकर काळे पडलेले दिसतात आणि निळे-हिरवे तुलनेने उजळ राहतात. हा परिणाम चेक शरीरक्रियाशास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी 1825 च्या सुमारास नोंदवला होता आणि त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. ज्या खोलीत आपण मुख्यतः सांजवेळी बसतो, तिचा रंग त्या वेळी पाहूनच ठरवावा.

उणिवाही आहेत. मी पाहिलेल्या डब्या फक्त मॅटमध्ये मिळत होत्या, आणि मला हलकी चकाकी असलेले इमल्शन हवे होते. चकाकणारा पृष्ठभाग खिडकीचे प्रतिबिंब दाखवतो आणि बाजूने पाहिल्यास रंग वेगळा भासतो, तेव्हा हा फरक किरकोळ नाही. सगळ्या छटा डबीत मिळत नाहीत आणि उरलेला रंग भिंतीसाठी वापरू नये असे डबीवरच लिहिलेले असते. दोन छटा एका उजेडात तंतोतंत सारख्या आणि दुसऱ्या उजेडात वेगळ्या दिसू शकतात, म्हणून जुन्या पडद्याशी किंवा फरशीशी जुळवायचे असेल तर पुठ्ठा त्या वस्तूशेजारी दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळा धरून पाहावा लागतो. एवढा वेळ ज्यांच्याकडे नाही त्यांना ही डबी फारशी मदत करणार नाही.

बैठकीच्या खोलीला अखेर तोच राखाडी हिरवा दिला. अभ्यासिकाही याच पद्धतीने पुन्हा रंगवली. आमच्याकडे, म्हणजे उत्तर गोलार्धात, उत्तरेच्या खिडकीतून वर्षाचा बराच काळ थेट ऊन येत नाही आणि दिवसभर एकसारखा, थंड उजेड मिळतो. त्यामुळे तिथे मी किंचित तपकिरी झाक असलेला राखाडी निवडला. डबीतून तो पुठ्ठ्यावर लावला तेव्हा हा रंग जरा मातकट आहे असे घरात सर्वांचे म्हणणे पडले होते. आता सकाळी आठ वाजता त्या भिंती राखाडी दिसतात, निळ्या नाहीत.