वाघ, हत्ती आणि दहापट भिंग: ब्रिटिश पलटणींचे बॅज जमवण्याच्या साहित्याचा वापरानंतरचा अनुभव

जवाहिऱ्यांचं दहापट भिंग, यूएसबी मायक्रोस्कोप, डिजिटल कॅलिपर, मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा डबा आणि आत फोम बसवलेली प्लास्टिकची पेटी. जुने ब्रिटिश लष्करी बॅज तपासायला आणि नीट ठेवायला हे साहित्य घेतलं त्याला आता सात-आठ महिने झाले. विक्रीच्या पानांवरचे बहुतेक अभिप्राय पार्सल उघडल्या दिवशी लिहिलेले असतात, आणि त्या दिवशी सगळंच झकास वाटतं. म्हणून मी मुद्दाम थांबले. सगळं मिळून खर्च शंभर पौंडांच्या आसपास आला. तेवढ्यात पहिल्या महायुद्धाच्या काळातले साधे चार-पाच कॅप बॅज आले असते, त्यामुळे हिशेब मांडायलाच हवा.

आधी मी काय जमवते ते सांगते, कारण साहित्य कामाचं की नाही हे त्यावर ठरतं. राहायला मी लेस्टरला. इथल्या लेस्टरशायर रेजिमेंटच्या बॅजवर वाघ आहे आणि त्याच्या वरच्या पट्टीवर चक्क ‘हिंदुस्तान’ कोरलेलं आहे. 17 व्या पायदळ पलटणीनं 1804 ते 1823 अशी जवळजवळ वीस वर्षं भारतात काढली, त्याबद्दल 1825 मध्ये तिला हा वाघ मिळाला. न्यूआर्क हाउसेस म्युझियममध्ये तो पहिल्यांदा पाहिला आणि मग असे आपल्याकडच्या मातीशी नातं सांगणारे बॅज शोधायचा नाद लागला. हायलँड लाइट इन्फन्ट्रीच्या बॅजवर खाली हत्ती आहे आणि त्यावर ‘असई’. हे असई म्हणजे जालना जिल्ह्यातलं, भोकरदनजवळचं. 23 सप्टेंबर 1803 रोजी दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी ब्रिटिश सेनापती आर्थर वेलस्लीची तिथे लढाई झाली. 74 वी हायलँड पलटण वाट चुकून असई गावाच्या फारच जवळ गेली आणि तोफांच्या माऱ्यात कापली गेली. 19 व्या लाइट ड्रॅगून्सच्या घोडदळानं तिला कसंबसं वाचवलं. त्याबद्दल मिळालेला हत्ती 74 वीनं 1881 च्या विलीनीकरणात हायलँड लाइट इन्फन्ट्रीत आणला. आपला पराभव दुसऱ्यानं टोपीवर मिरवला, तो मी पैसे मोजून घरी आणते, हे विचित्र आहे खरं. पण त्या हत्तीकडे बघून ग्लासगोतला एखादा पोरगा ‘हे असई कुठं आलं?’ असं विचारत असेल, या कल्पनेनं मला बरं वाटतं.

तिसरा माझा लाडका म्हणजे रॉयल डब्लिन फ्युजिलिअर्स. नाव आयरिश, पण मुळं मद्रास आणि मुंबईत. ईस्ट इंडिया कंपनीची बॉम्बे युरोपियन रेजिमेंट 1862 मध्ये ब्रिटिश सैन्यात 103 वी झाली आणि 1881 मध्ये डब्लिनची दुसरी बटालियन. म्हणून तिच्या पेटत्या ग्रेनेडच्या, म्हणजे हातबॉम्बच्या, आकाराच्या बॅजवर वाघही आहे आणि हत्तीही, आणि तिच्या युद्धसन्मानांत ‘किर्की’ आहे, म्हणजे आपली खडकी, 1817 ची.

आता साहित्य. सगळ्यात स्वस्त वस्तू सगळ्यात कामाची निघाली: दहापट भिंग. जुन्या लष्करी वस्तूंच्या विक्री-मेळ्यात टेबलापुढे उभं राहून बॅज हातात घ्यायचा, उलटा करायचा आणि भिंग लावायचं. पुढची बाजू सगळे बघतात, नकल करणाराही तिच्यावरच मेहनत घेतो. मागे मात्र त्याचा कंटाळा उघडा पडतो. खरा बॅज पत्र्यावर ठसा दाबून काढलेला असतो, त्यामुळे पुढे जिथे वाघाची पाठ उंच आहे तिथे मागे तशीच खोलगट जागा दिसते. ओतीव नकलेची पाठ सपाट किंवा जाडजूड असते, बारीक खड्ड्यांनी भरलेली. वाघाच्या पायांमधल्या किंवा अक्षरांभोवतीच्या मोकळ्या जागा खऱ्या बॅजात धारदार कापलेल्या असतात. नकलेत कडा गोलसर, कुठे धातूचा पापुद्रा राहिलेला. भिंगाखाली हे पाच सेकंदात कळतं, नुसत्या डोळ्यांना पाच मिनिटं लागतात, आणि तोवर विक्रेता आपल्याकडे बघून हसायला लागलेला असतो.

त्याहून बोलकी जागा म्हणजे बॅज टोपीला अडकवायची सोय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून इंग्लिश पलटणींच्या बॅजना मागे उभी पट्टी, म्हणजे स्लायडर, येऊ लागली. त्याआधी कड्या असत, आणि स्कॉटिश पलटणींनी ग्लेनगरी टोपीसाठी कड्याच पुढे चालू ठेवल्या. खऱ्या स्लायडरची झाळ पितळेची, नीटनेटकी. नकलेत बऱ्याचदा कथलाचा करडा डाख ओघळलेला दिसतो. एका मेळ्यात ‘बोअर युद्धाच्या आधीचा’ (म्हणजे 1899 पूर्वीचा) म्हणून दाखवलेल्या बॅजच्या स्लायडरभोवती असाच चकचकीत डाख होता. विक्रेत्याला दाखवला तर म्हणाला, दुरुस्ती झाली असेल. असेलही. मी बॅज परत ठेवला.

भिंगाला एक मर्यादा मात्र आहे, ती आधीच सांगते. बर्मिंगहॅमच्या जुन्या कारखान्यांचे मूळ ठसे पुढेही टिकले आणि त्यांतून नंतरच्या काळातही बॅज निघाले. अशा री-स्ट्राइकवर अक्षरं धारदार, पाठही नीट खोलगट; भिंग लावून समाधान होतं आणि तिथेच गडबड असते. अशा वेळी झीज बघायची. शिपाई रोज बॅज घासायचा, म्हणून वाघाचं डोकं, खांदा आणि अक्षरांचे माथे गुळगुळीत होतात, पण खोबणीतली नक्षी शाबूत राहते आणि पाठ काळपट तपकिरी. वर-खाली-मागे सगळीकडे सारखीच झीज असेल तर ती कुणीतरी एका दुपारी बसून केलेली असते.

यूएसबी मायक्रोस्कोपचं मात्र कौतुक करवत नाही. डब्यावर हजारपट लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात चाळीस-पन्नासपटीच्या पुढे नुसता धूर. त्याचे एलईडी दिवे चकचकीत पितळेवर असे परावर्तित होतात की मधे पांढरा डाग आणि बाकी अंधार. दिव्यांवर टिश्यू पेपरचा तुकडा चिकटवल्यावर चित्र बरं येतं. एकच खरा उपयोग: झाळीचे, शिक्क्यांचे फोटो काढून नोंदी ठेवणं. त्यासाठी चांगला फोन आणि खिडकीतला उजेड पुरतो. ज्यांच्याकडे फोन आहे त्यांनी हे पैसे वाचवावेत.

कॅलिपर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, चालतो. पितळ ओतल्यावर थंड होताना साधारण दीड टक्का आक्रसतं, म्हणून खऱ्या बॅजवरून साचा करून ओतलेली नकल मुळापेक्षा लहान भरते. पन्नास मिलिमीटरच्या बॅजमध्ये पाऊण मिलिमीटरचा फरक. पण वेगवेगळ्या कारखान्यांचे ठसेही एका मापाचे नसत, त्यामुळे नुसत्या मापावर कुणाला खोटं ठरवू नये.

मेणाबद्दल जरा सविस्तर, कारण इथेच सगळ्यांचं अडतं. पितळ दिसलं की मराठी माणसाचा हात चिंचेकडे जातो. व्हिडिओ कॉलवर वाघ दाखवला तर आई लगेच म्हणाली, “अगं, केवढा काळा पडलाय! चिंच लाव की जरा, लखलखेल.” लखलखेल, पण शंभर वर्षांचा रंग जाईल, त्यासोबत निम्मी किंमतही, आणि खाली उरेल ती गुलाबीसर, उघडी पडलेली कातडी. पातळ धातू-पॉलिशचंही तेच. त्याची पांढरी भुकटी अक्षरांच्या खाचांत बसते आणि पुढे हिरवी होते. त्यातून ज्या पॉलिशमध्ये अमोनिया असेल त्याला तर मी बॅजजवळही येऊ देत नाही. यामागे भारतातलीच गोष्ट आहे. ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवत, आणि त्यांच्या पितळी पुंगळ्या आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि घडवताना पितळेत राहिलेला ताण, दोन्ही मिळून हे होतं, याची नीट उकल 1921 मध्ये झाली. ठशाखाली दाबलेल्या बॅजमध्येही असा ताण असू शकतो.

म्हणून मेण. हे घासत नाही, नुसतं झाकतं. मऊ सुती कापडावर नखाएवढं घ्यायचं, अगदी पातळ हात फिरवायचा, थोडं थांबायचं आणि कोरड्या कापडानं पुसायचं. जास्त झालं तर खोबणीत पांढरं सुकतं. मऊ ब्रशनं निघतं, पण काम वाढतं. वास स्पिरिटचा येतो, खिडकी उघडी हवी. मेण लावलेल्या बॅजवर बोटांचे ठसे उमटत नाहीत, हा फरक तीन-चार महिन्यांनी ठळक दिसला: पाहुण्यांनी हाताळलेले बिनमेणाचे दोन बॅज बोटाच्या आकारात काळे पडले, मेणाचे जसेच्या तसे. हिरवा गंज आधीच धरला असेल तर मात्र त्यावर मेण लावणं म्हणजे नुसतं झाकणं. तो आधी लाकडी काडीनं हलकेच काढावा लागतो. दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवायला काढलेल्या प्लास्टिकच्या बॅजवर मी मेण लावत नाही. त्यांना फक्त ऊन आणि हीटर यांपासून दूर ठेवते.

पेटीवर सगळ्यांनी नाकं मुरडली, कारण ती दिसते स्वयंपाकघरातल्या डब्यासारखी. बाजारात ओकच्या लाकडाच्या, आत हिरवी बनात लावलेल्या देखण्या पेट्या मिळतात. ओकमधून ॲसिटिक आम्लाची वाफ सुटत राहते, लोकरीच्या कापडातला गंधक चांदी काळवंडतो, आणि पीव्हीसीच्या खिशांचे अल्बम तर तांब्या-पितळेवर हिरवा चिकटा सोडतात. माझी पेटी पॉलिप्रॉपिलीनची, आत पॉलिथिलिन फोम. फोमला सुरीनं चीर दिली की स्लायडर आत बसतो आणि बॅज हलत नाही. कड्यांच्या बॅजसाठी दोन चिरा. सोबत सिलिका जेलची पुडी, नारिंगी दाण्यांची. ओल धरली की दाणे हिरवे होतात, मंद ओव्हनमध्ये तापवले की परत नारिंगी. इथल्या हिवाळ्यात घरं बंद, कपडे आतच वाळत, त्यामुळे पुडी फार लवकर बदलावी लागली. एवढी एक कटकट.

आता जे कुठलंही साहित्य देत नाही ते. खांद्यावरून छातीवर तिरक्या येणाऱ्या पट्ट्याची पाटी, म्हणजे शोल्डर-बेल्ट प्लेट, हे या छंदातलं महागडं प्रकरण. अधिकाऱ्यांच्या मुलामा दिलेल्या पाट्या माझ्या आवाक्याबाहेरच्या. पण बघायला काय जातं? ऑनलाइन लिलावात ‘103, रॉयल बॉम्बे फ्युजिलिअर्स’ असं लिहिलेली एक पाटी दिसली. चित्र सुंदर, किंमत मोहात पाडणारी. पण नवा अंगरखा आला तसा 1855 मध्ये हा पट्टा आणि त्याची पाटी बंद झाली, आणि मुंबईच्या पलटणीला 103 हा आकडा मिळाला 1862 मध्ये. कमरेच्या पट्ट्याचं बक्कल असतं तर विचार केला असता. छातीवरची पाटी असूच शकत नाही. यासाठी भिंग लागलं नाही, दोन सनावळ्या लागल्या.

मुकुटांचंही तसंच. 1901 पर्यंत व्हिक्टोरियाचा, मग 1952 पर्यंत ट्यूडर पद्धतीचा, ज्याला जमवणारे ‘किंग्ज क्राउन’ म्हणतात, आणि 1953 पासून सेंट एडवर्डचा ‘क्वीन्स क्राउन’. मेळ्यातले लोक यावरून एका नजरेत काळ सांगतात. चार्ल्स राजानं 2022 मध्ये परत ट्यूडर मुकुट घेतला, त्यामुळे किंग्ज क्राउन दिसला म्हणजे बॅज सत्तर वर्षं जुना, हे आता चालायचं नाही. डब्लिन फ्युजिलिअर्स 1922 मध्ये मोडली, म्हणून तिचा 1950 नंतरच्या ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमचा बॅज कुणी दाखवला तर हसून पुढे जायचं.

घ्यायचंच असेल तर भिंग आज घ्या, फोम आणि पेटी पहिल्या पाच-सहा बॅजनंतर, मेण त्याच्याबरोबर. लहान डबा घ्या. माझा निम्माही संपलेला नाही. कॅलिपर जमलं तर. मायक्रोस्कोप मी विकायला काढला आहे.

हायलँड लाइट इन्फन्ट्रीचा क्वीन्स क्राउनचा हत्ती मी अजून शोधते आहे. ही पलटण 1959 मध्ये रॉयल हायलँड फ्युजिलिअर्समध्ये विलीन झाली, म्हणजे त्या मुकुटाला जेमतेम सहा वर्षं मिळाली. कुणाकडे असेल तर कळवा. फोटो पाठवाल तो आधी मागच्या बाजूचा.