विश्रामबागचं उन्हाळी कबड्डी शिबिर: साखळी पक्की, घोटा कच्चा

सांगलीत विश्रामबागेत भरणाऱ्या या पंधरा दिवसांच्या शिबिराची (वय १२ ते १६) जमेची बाजू म्हणजे बचावाला दिलेला वेळ. एरवी शिबिरांत पोरं चढाया मारत सुटतात आणि समोरचे सातजण नुसती गर्दी करतात. इथं दोन तासांतला सव्वा तास साखळीचा, म्हणजे बचावपटूंनी एकमेकांचे हात धरून उभं राहण्याचा.

मांडणी २-३-२, म्हणजे दोन, तीन आणि दोन अशा गटांत. हात धरायचा तो पंजात पंजा. बोटांत बोटं अडकलेली दिसली की सराव थांबवतात, आणि ते योग्यच आहे. चढाईपटूनं हिसका दिला की अडकलेलं बोट आधी जातं. चढाईपटू एका कोपऱ्याकडं (साखळीच्या टोकाच्या बचावपटूकडं) वळला की लांबचा कोपरा पुढं येऊन अर्धगोल बंद करतो, ही हालचाल चौथ्या दिवसापर्यंत पोरांच्या अंगवळणी पडते.

खरी गंमत आमिषाच्या पकडीत. सहा-सात जण मैदानात असताना कोपरारक्षक मुद्दाम अर्धं पाऊल मागं घेतो, बोनस रेषा (जिच्यापलीकडं पाय टेकवला की जादा गुण) मोकळी वाटते, चढाईपटू पाय लांबवतो. त्याच क्षणी कोपरा घोट्यावर जातो, शेजारचा खेळाडू त्याचा हात सोडून देतो आणि कव्हर (मध्याजवळचा बचावपटू) आतून कापत येतो. यातली गोम कव्हरच्या वेळेत आहे. घोटा हातात आलेला बघून निघालं तर उशीर झालाच. कोपरा वाकायला लागला की निघायचं. जायचं तेही चढाईपटूच्या मागं नाही, त्याच्या आणि मध्यरेषेच्या मधे, कमरेवर. नाहीतर तो आडवा पडून हात लांबवतो, रेषेला बोट लागतं आणि कोपरा-कव्हर दोघंही बाद. हे शिकवायला मॅटवर कव्हरच्या पोहोचायच्या जागी चिकटपट्टीची फुली मारलीय. साधी युक्ती, पण भाषणापेक्षा भारी.

आता खटकलेलं. घोटा पकड दुसऱ्याच दिवशी सुरू, आणि डोकं कुठं ठेवायचं हे कुणी सांगत नाही. डोकं पायाच्या बाहेरच्या अंगाला, घोटा दोन्ही हातांनी स्वतःच्या पोटाशी ओढायचा. निम्मी पोरं तोंड थेट गुडघ्यासमोर नेतात. एक झटका आणि दात हातात. आधी तीन दिवस बसलेल्या जोडीदारावर सावकाश करून घ्यायला हवं. त्यात जोड्या उंचीनं लावतात, वजनानं नाही. ३५ किलोचा कोपरा ५२ किलोच्या चढाईपटूला धरायला जातो आणि पकडीला घाबरायला शिकतो.

मैदान १३ बाय १० मीटरचं, मोठ्यांचं. या वयोगटाला ११ बाय ८ लागतं. त्यामुळं साखळी ताणली जाते, हात खांद्यापासून सरळ होतात आणि ताणलेल्या हातानं कुणी झेप घेऊ शकत नाही. लॉबीची, म्हणजे मैदानाच्या दोन्ही कडांच्या पट्ट्यांची, रेषाही पुसट झालीय. झटापट होण्याआधीच पोरं बिनधास्त लॉबीत पाय टाकतात. सामन्यात पंच थेट बाद देईल. तिघांच्या बचावाला, म्हणजे जिथं सुपर टॅकलचा (कमी बचावपटूंनी केलेल्या पकडीचा) जादा गुण मिळतो, शेवटचा एकच दिवस. तो उरकलाच म्हणायचा.

पाठवायचं असेल तर सकाळची सातची बॅच घ्या. संध्याकाळी घामानं मॅट निसरडी होते आणि पुसायला फडकं एकच. नखं कापून पाठवा, दारातच बघतात आणि परत पाठवतात.