तीन संगणक: डिफेंडर पुरे की विकतचा अँटिव्हायरस पॅक?

सिडकोतल्या आमच्या घरात तीन संगणक. माझा लॅपटॉप, मुलीचा लॅपटॉप आणि बाबांचा ४ जीबी रॅमचा जुना डेस्कटॉप. एमजी रोडवरचा दुकानदार म्हणाला, "अँटिव्हायरसचा तीन युजरचा पॅक घ्या, सुट्यापेक्षा स्वस्त पडतो." पडतो खरा. पण विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचा अँटिव्हायरस आधीपासूनच असतो, तोही फुकट, आणि दरवर्षी पैसे भरायची कटकट नाही. पॅकची मुदत सहसा पहिल्या संगणकावर चालू केल्यापासूनच मोजतात. तिसऱ्यावर दोन महिन्यांनी टाकलात, तर ते दोन महिने पाण्यात.

पॅक टाकला की डिफेंडर आपोआप बाजूला होतो. दोन्ही एकत्र चालवायचा हट्ट नकोच.

विकतच्याची खरी किंमत मुलांवरची नजर, बँकेसाठी वेगळा ब्राउझर आणि अडल्यावर फोन करायची सोय यांत आहे. पुण्याच्या क्विक हील या अँटिव्हायरस कंपनीला तर मराठी घरांत घरचाच समजतात! डिफेंडरमध्ये रॅन्समवेअरपासून (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसपासून) फोल्डर वाचवणारी सोय आहे, पण ती आपण चालू करावी लागते.

मी दोन्ही लॅपटॉपवर डिफेंडरच ठेवला. बाबांचा प्रश्न वेगळा होता. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, आणि ती उणीव कुठलाच पॅक भरून काढत नाही. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा रॅन्समवेअर पसरला, तेव्हा त्यावरचा अपडेट मार्चमध्येच आलेला होता. ज्यांनी टाकला नव्हता ते अडकले. पॅकचे पैसे बाबांच्या नव्या मशीनच्या डब्यात गेले.